टाकीतलं डिझेल तापलं तर कॉमन रेल इंजिनला खरंच फरक पडतो का?

हो, पडतो, आणि ताकदीपेक्षा जास्त पंप आणि इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) आयुष्यावर पडतो. कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच जास्त दाबाची नळी; अनेक इंजिनांत तिच्यातल्या डिझेलवर 2000 बारपर्यंत दाब येतो. न वापरलेलं डिझेल त्यात तापून रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. टाकी रिकामी होत आली असेल तर ते आणखी लवकर तापतं. 40 अंशांनी तापमान वाढलं की डिझेल साधारण 3 टक्के फुगतं, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये वजनाने इंधन कमी. ही तूट ईसीयू, म्हणजे इंजिनवर नियंत्रण ठेवणारा संगणक, सेन्सर बघून भरून काढतो. पण पातळ डिझेलचं कमी झालेलं वंगण तो परत आणू शकत नाही, आणि बहुतेक हाय प्रेशर पंपांना वंगण डिझेलचंच! झिजलेल्या इंजेक्टरमधून पातळ डिझेल जास्त निसटतं, म्हणून गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतं. मात्र फार थंड डिझेलही चांगलं नाही: त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो.