हॉल कुणाच्या नावावर बुक आहे ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचली. क्लबच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं व्याख्यान आणि कौटुंबिक स्नेहमेळावा एकाच संध्याकाळी उरकावा का, हजेरी कमी झालीय तर काय करायचं, खेळ कुठले घ्यायचे, हे सगळं तुम्ही सविस्तर विचारलंय आणि मग अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की 'हॉलचं बुकिंग आधीच्या सचिवांच्या नावावर आहे, चालेल ना?' बाकी लोकांनी वरच्या प्रश्नांवर भरपूर लिहिलंय, त्या शेवटच्या ओळीला कुणी हातच लावला नाही. मी तिथूनच सुरुवात करते. नाही चालत हो. निदान आमचं तरी नाही चाललं.

(मी क्लबमध्ये सचिवपद आणि प्रोग्रॅम कमिटी दोन्ही केलंय, डिस्ट्रिक्ट लेव्हलचं कुठलंही पद नाही. तुमचे बायलॉज वेगळं काही सांगत असतील तर त्यांचंच ऐका.)

गोची कुठे होते बघा. रोटरी घ्या नाहीतर लायन्स, या सेवाभावी क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. पण जुलै-ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी हॉल मे-जूनमध्येच धरून ठेवावा लागतो, तेव्हा खुर्चीत जुनी टीम असते. मग अर्ज जुन्या सचिवांचा, सही त्यांची, मोबाईल नंबर त्यांचा, आणि डिपॉझिटचा चेक क्लबच्या खात्यातून गेला तरी पावतीवर नावसुद्धा त्यांचंच. १ जुलैला माणूस बदलतो, हॉलवाल्यांचं रजिस्टर काही बदलत नाही.

आम्ही हे ओळखून पदग्रहण झाल्या झाल्या पत्र दिलं होतं, लेटरहेडवर, जुन्या आणि नव्या दोन्ही सचिवांच्या सह्यांनिशी, की यापुढे या बुकिंगचा व्यवहार नवीन सचिव बघतील. आवक शिक्का मारून घेतला, कॉपी फाईलला लावली. नंतर फोन करून विचारलं तर 'नोंद आहे मॅडम, काळजी करू नका'. आता ज्या संस्थेचा तो हॉल त्यांचं नाव मी लिहीत नाही, उगाच वाद नकोत. पण कार्यक्रमाच्या संध्याकाळी किल्ली मागायला गेले तर खिडकीवरचा माणूस म्हणतो अर्जदार कुठेत, त्यांची सही लागेल. म्हटलं अर्जदार बदललेत, पत्र दिलंय. त्यांनी फाईल काढली, पत्र फाईलमध्ये होतं, आमचंच, शिक्क्यासकट, आणि तरी उत्तर काय तर 'यावर साहेबांचा शेरा नाहीये'. बरं मग साहेबांना विचारा, तर साहेब निघाले. फोन लावा, तर ऑफिस टाइमनंतर ते फोन घेत नाहीत. जुने सचिव तेव्हा प्रवासात, त्यांचा फोन बंद. क्लब आम्हाला माहीत नाही, अर्जदार माहीत आहेत, हे एकच वाक्य तो माणूस फिरवून फिरवून म्हणत होता. पत्र तुमच्याकडे शेऱ्याविना पडून राहिलं यात आमचा काय दोष, असं विचारलं की तो माझ्या विभागाचा विषय नाही!

आणि हे सगळं चालू असताना आमचे वक्ते, नेत्रतज्ज्ञ, नेत्रदानावर बोलायला आलेले, दिलेल्या वेळेच्या आधी येऊन पॅसेजमध्ये उभे. मेंबर जिन्यात. शेवटी कुणाच्या तरी ओळखीतून त्या साहेबांच्या वरचे साहेब सापडले आणि दार उघडलं, पण तोवर डॉक्टरांची पुढच्या कामाची वेळ झाली होती. ते काही मिनिटंच बोलले आणि तेवढ्यात जे बोलले ते मला अजून पाठ आहे: मृत्यूनंतर डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, त्यामुळे घरच्यांनी फोन लगेच करायला हवा. तोपर्यंत पापण्या मिटून ठेवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्यावरचा पंखा बंद करायचा. रोपण फक्त बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचं होतं, आख्ख्या डोळ्याचं नाही. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी नेत्रदान करता येतं, आणि फॉर्म भरलेला असो नसो, शेवटी घरच्यांची संमती लागते. लोकांना खूप विचारायचं होतं. वेळच नव्हता. निघताना 'पुन्हा कधीतरी' म्हणाले, त्यानंतर आम्ही बऱ्याचदा विचारूनही तारीख मिळाली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. वर कळस म्हणजे हॉल उशिरा रिकामा केला म्हणून डिपॉझिटमधून कापून घेतले. उशिरा उघडलात तुम्ही, कापलेत आमचे. त्यावरही पत्र दिलंय, तेही फाईलला लागलं असेल.

असो. तर तुम्ही काय करा. अर्ज व्यक्तीच्या नावाने नाही, 'सचिव, अमुक क्लब' असा पदाच्या नावाने करून घ्या, आणि आधीच झाला असेल तर बदलाचं पत्र द्या, त्यात किल्ली घ्यायला अधिकृत म्हणून दोन माणसांची नावं टाका. नुसत्या आवक शिक्क्यावर समाधान मानू नका, शिक्का म्हणजे कागद आला एवढंच. ज्यांना निर्णयाचा अधिकार आहे त्यांची 'मान्य' अशी सही आपल्या कॉपीवर घ्या, दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील. आणि आदल्या दिवशी चक्कर मारायची ती सकाळी नाही, संध्याकाळी, कार्यक्रमाच्याच वेळेला, कारण सकाळी गोड बोलणारा माणूस वेगळा असतो आणि संध्याकाळी किल्ली ज्याच्या खिशात असते तो वेगळा. त्याचं नाव आणि नंबर घ्या. हे कुणी सांगत नाही.

आता व्याख्यान आणि स्नेहमेळावा एकत्र. माझं मत विचाराल तर नको. (मत आहे, नियम नाही, काही क्लब छान जमवतात.) व्याख्यानाला शांतता लागते, मेळाव्याला गोंगाट, आणि एकत्र केलं की वक्त्यांच्या मागे पोरं पळत असतात, घरचे घड्याळाकडे बघत असतात, आणि वक्त्यांना वाटतं आपण जेवणाच्या आड आलोय. नाइलाज असेल तर व्याख्यान आधी, ठरलेल्या मिनिटाला, मुलांना वेगळी खोली आणि तिथे सांभाळायला कुणीतरी. क्लबचं कामकाज, म्हणजे मागचे मिनिट्स, प्रकल्पांचे रिपोर्ट, वाढदिवस, सगळं पाहुणे गेल्यावर. लायन्समध्ये टेल ट्विस्टर (मीटिंगमध्ये हसतखेळत वातावरण ठेवणारा पदाधिकारी) दंड ठोकतात ती गंमत मलाही आवडते, पण बाहेरचा माणूस समोर बसलाय आणि आपण आपल्याच आतल्या विनोदांवर हसतोय हे बरं दिसत नाही.

हजेरीबद्दल मेंबरांना झापू नका, उपयोग नसतो. रोटरीत पूर्वी दर आठवड्याला मीटिंग असायचीच, हजेरीचे नियमही कडक. २०१६ साली त्यांच्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनने, म्हणजे नियम ठरवणाऱ्या सभेने, क्लबांना बरीच मोकळीक दिली, महिन्यातून किमान दोन मीटिंगा झाल्या तरी चालतं. म्हणजे एक व्याख्यानाची, एक मोकळ्या गप्पांची असं सरळ वाटून टाकता येतं आणि तुमचा एकत्र करायचा प्रश्नच मिटतो. तुमचा क्लब दुसऱ्या संघटनेचा असेल तर तिथलं काय ते विचारून घ्या.

आणि खरं सांगू, दर वेळी हॉल पाहिजेच असं कुठे आहे? १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस आणि मंडळी जमायची तीच मुळी एकमेकांच्या ऑफिसात, आळीपाळीने, त्यावरून तर रोटरी हे नाव पडलं. नवीन मेंबरला स्वतःच्या व्यवसायावर बोलायला लावा आणि तेही त्याच्याच कामाच्या जागी. प्रेस असेल, लॅब असेल, वर्कशॉप असेल, काय वाट्टेल ते. बाहेरचा वक्ता ऐनवेळी फिरकला नाही तरी हा कार्यक्रम हातात असतो. त्या खिडकीवरच्या प्रकारानंतर आम्ही हेच वाढवलं, लोक येतात, कारण सगळ्यांनाच दुसऱ्याचं काम आतून बघायचं असतं.

किरकोळ गोष्टी. वक्त्यांचा परिचय त्यांच्याकडूनच चार ओळीत मागवा, नेटवरून उचललेला वाचू नका, त्यात पदं जुनी असतात. किती मिनिटं बोलायचं ते निमंत्रणातच लिहा, वेळेसाठी टोस्टमास्टर्सवाल्यांसारखी (भाषणाचा सराव करणारे क्लब) हिरवी-पिवळी-लाल कार्डं पुढच्या रांगेतून दाखवा, पण तसं करणार आहोत हे वक्त्यांना आधी सांगून, नाहीतर राग येतो. निवडणुकीच्या आसपास उमेदवारांना वक्ते म्हणून बोलवायचा आग्रह होतो, तो मोडून काढा. लायन्सच्या उद्देशांमध्येच लिहिलंय की सार्वजनिक हिताच्या विषयांवर खुली चर्चा हवी, पण पक्षीय राजकारण आणि पंथांचे धार्मिक वाद नकोत. मी त्यांची मेंबर नसूनसुद्धा हे वाक्य दाखवून एकदोघांना गप्प केलंय.

खेळांचं म्हणाल तर मला फारसं कळत नाही. एवढंच की नावाच्या पट्ट्या मोठ्या अक्षरात करा, नवीन मेंबरच्या घरच्यांना कुणाचंच नाव माहीत नसतं आणि विचारायला लाज वाटते, आणि टेबलं बदलत राहतील असं काहीतरी घ्या. स्पीकर जरा हळू ठेवा. बदलाच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल तर सांगा, नावं काढून टाकते. फक्त तुमच्या हॉलवाल्यांकडे शेरा कोण मारतं ते आधी विचारून या, म्हणजे 'प्रति' कुणाचं घालायचं ते कळेल.