प्रॉडक्शनचा पासवर्ड हातात आलाय आणि भीती वाटतेय

पत्र (थोडक्यात): "सर, मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप चालू आहे. मला एसक्यूएल (डेटाबेसकडून डेटा मागायची-बदलायची भाषा) मनापासून आवडतं. पण मित्र म्हणतात डीबीएचं (डेटाबेस सांभाळणाऱ्याचं) काम क्लाउडने खाल्लं आणि ओआरएम (कोडवरून आपोआप एसक्यूएल बनवणारं टूल) आल्यापासून डेव्हलपरला एसक्यूएल लागतच नाही. मग मी डेटाबेसच्या मागे लागू की एखादं फ्रेमवर्क पक्कं करू? सर्टिफिकेट करू का? आणि टीमने मला प्रॉडक्शन डेटाबेसचा (खरे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमच्या डेटाबेसचा) पासवर्ड देऊन टाकलाय, तेव्हापासून लॉगिन केलं की हात थरथरतात. मला हे काम जमणारच नाही का?"

अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतील. हात थरथरतात म्हणजे त्या टेबलांमध्ये खऱ्या माणसांच्या ऑर्डरी, पैसे, पत्ते आहेत हे तुला कळलंय. मार्गदर्शनाकडे वळायच्या आधी मी बरीच वर्षं डेटाबेसवरच काम केलं, आणि ज्याला प्रॉडक्शनची अजिबात भीती वाटत नाही अशा माणसाच्या हातात चावी द्यायला मला कायम नको वाटायचं. तर जमेल तुला. फक्त नुसती भीती पोटात घेऊन बसू नकोस, हाताला काही सवयी लावून घे.

पहिली गोष्ट म्हणजे तो पासवर्ड. तो बहुतेक सगळ्या टीमचा एकच असणार आणि त्याला सगळे अधिकार असणार. उद्या सिनियरला सरळ सांग की मला माझा वेगळा युजर बनवून द्या आणि त्याला फक्त सिलेक्टचं ग्रँट, म्हणजे नुसता डेटा वाचायची परवानगी, द्या. यात कमीपणा काही नाही, उलट असं मागणारी इंटर्न लक्षात राहते. मग रोज डेटा बघायला तोच युजर वापरायचा, बदल करायचा असेल तेव्हाच दुसरा.

आणि बदल करायचाच असेल तर अपडेट कधीही थेट मारू नकोस. आधी तीच व्हेअर कंडिशन (कुठल्या नोंदी ते सांगणारी अट) लावून सिलेक्ट काऊंट कर, समज 12 रो (टेबलातल्या ओळी) आल्या, मग बिगिन म्हणून ट्रान्झॅक्शन सुरू कर, मग अपडेट, आणि डेटाबेस म्हणाला 12 रो बदलल्या तरच कमिट म्हणजे बदल पक्का, 12 च्या जागी 12,000 दिसलं तर शांतपणे रोलबॅक म्हणजे बदल रद्द. पण बिगिन करून जागेवरून उठून जाऊ नकोस हां, कारण तू बदललेल्या रो तेवढा वेळ लॉक राहतात आणि त्याच रो बदलायला आलेली ॲप्लिकेशनची रिक्वेस्ट तुझ्या मागे ताटकळत बसते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन डेटाबेसमधला अजून एक फरक लक्षात ठेव, पोस्टग्रेसमध्ये ड्रॉप टेबलसुद्धा (अख्खं टेबल उडवणं) ट्रान्झॅक्शनच्या आत रोलबॅक होतं, मायएसक्यूएलमध्ये होत नाही, तिथे टेबलाच्या रचनेत बदल करणारी कमांड आपोआप कमिट होते. एकावर शिकून दुसऱ्यावर काम करायला गेलेली मुलं इथेच फसतात.

आता क्लाउडचं बघू. मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सर्व्हर बसवणं, डिस्क वाढवणं, पॅच लावणं, रोजचा बॅकअप शेड्यूल करणं, रेप्लिका (डेटाबेसची सतत ताजी राहणारी दुसरी प्रत) उभी करणं, यातलं बरंचसं मॅनेज्ड सर्व्हिस करते, आणि फक्त एवढंच येणाऱ्या डीबीएला आज कठीण आहे हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण कुठल्या कॉलमवर इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून क्रमाने लावलेली सूची) हवा, कोणाला काय दिसलं पाहिजे, चालू सिस्टीममध्ये टेबल कसं बदलायचं, हे क्लाउडला माहीत नसतं. ते काम गेलेलं नाही, ते डीबीएच्या टेबलावरून उठून डेव्हलपरच्या टेबलावर येऊन बसलंय, आणि बऱ्याच डेव्हलपरना ते येत नाही. तुझी जागा तिथे आहे असं मला वाटतं.

बॅकअपचंच घे ना. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या (लोकांचा कोड सांभाळून ठेवणारी सेवा) एका इंजिनियरकडून रात्री रेप्लिकेशन, म्हणजे डेटा रेप्लिकावर पोचवणारी व्यवस्था, दुरुस्त करताना चुकून मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी डिलीट झाली. नेहमीचा डम्प बॅकअप (सगळा डेटा फाइलमध्ये काढून ठेवलेला) शोधायला गेले तर तो कधीपासून फेलच होत होता, कारण डेटाबेस पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीवर होता आणि बॅकअपचं टूल चालत होतं 9.2 चं, आणि फेल झाल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. योगायोगाने सहा तास आधी कोणीतरी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं, तरी त्या सहा तासांचा डेटा गेलाच. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. म्हणून सांगतो, रिस्टोअर करून (त्यातून डेटाबेस परत उभा करून) बघितलेला नसेल तोवर त्याला बॅकअप धरू नकोस.

ओआरएमबद्दल भांडण नको, वापर की, रोजच्या साध्या कामाला उत्तम आहे. पण ते शेवटी एसक्यूएलच लिहितं आणि काय लिहितं ते तुला वाचता आलं पाहिजे. शंभर ऑर्डरी आणल्या आणि लूपमध्ये प्रत्येकीचा ग्राहक मागितला की मागे 101 क्वेरी जातात (एक ऑर्डरींची, शंभर ग्राहकांच्या), स्क्रीनवरच्या कोडमध्ये ते दिसतच नाही, दोन टेबलं जोडणाऱ्या जॉइनने एकात झालं असतं. लोकल मशीनवर दहा रो असतात म्हणून कळत नाही, प्रॉडक्शनवर पेज लोळण घेतं.

माझ्याच कामातली एक गोष्ट सांगतो. मायएसक्यूएलवर एक रिपोर्ट होता, तो इतका वेळ घ्यायचा की लोक रात्री लावून घरी जायचे. इंडेक्स होता, सगळे म्हणत होते सर्व्हर मोठा घ्या. क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्स्प्लेन लावलं तर फुल टेबल स्कॅन, म्हणजे इंडेक्स सोडून अख्खं टेबल वाचणं. ग्राहक क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट टाइपचा होता आणि क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय पाठवला होता, मग प्रत्येक रोचं टेक्स्ट नंबरमध्ये बदलून तुलना करावी लागत होती आणि इंडेक्स पडून राहत होता. दोन अवतरणचिन्हं घातली, रिपोर्ट काही सेकंदात आला. दहा लाख नोंदी क्रमाने लावलेल्या असतील तर अर्धे-अर्धे करत हवी ती नोंद वीसेक तुलनांमध्ये सापडते, नाहीतर दहा लाख रो चाळत बसायचं, एवढा फरक. हे ज्या दिवशी स्वतः शोधून काढशील ना, त्या दिवशी एसक्यूएल का आवडतं ते मित्रांना समजावत बसावं लागणार नाही.

मग शिकायचं काय? फ्रेमवर्क सोडू नकोस, नोकरीच्या दारातून आत जायला ते लागतंच. पण फ्रेमवर्क दर काही वर्षांनी बदलेल, आणि रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांमध्ये मांडायची पद्धत) संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी 1970 मध्ये मांडलं, एसक्यूएल सत्तरच्या दशकातच आयबीएममध्ये तयार झालं, ते आजही रोजच्या कामात आहे. त्यामुळे इथे घातलेला वेळ लवकर शिळा होत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाक, फुकट आहे. पाच-सहा टेबलांचं काहीतरी बनव, फॉरेन की (एका टेबलाचा दुसऱ्याशी दुवा) आणि युनिक कन्स्ट्रेंट (किंमत दोनदा येऊ न देणारी अट) लावून, पैशाचा कॉलम अंदाजे आकडा ठेवणारा फ्लोट न ठेवता अचूक ठेवणारा न्यूमेरिक ठेवून. मग त्यात स्क्रिप्टने दहा-वीस लाख रो भर, कारण शंभर रोवर सगळ्याच क्वेरी फास्ट असतात. मग मोड ते. दोन टर्मिनल उघडून मुद्दाम डेडलॉक कर, म्हणजे दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकतील असं कर. एका टर्मिनलमध्ये बिगिन करून नुसतं सिलेक्ट कर आणि तसंच सोड, दुसऱ्यात त्याच टेबलावर अल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) मार, तिसऱ्यात साधं सिलेक्ट कर आणि बघ ते बिचारं अल्टरच्या मागे कसं अडकतं ते. चालू सिस्टीममध्ये मायग्रेशन (असा रचनेतला बदल) करताना लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) का लावतात हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की विसरणार नाहीस. आणि शेवटी डम्प घे, डेटाबेस उडव, परत उभा कर, किती वेळ लागला ते लिहून ठेव.

सर्टिफिकेट आत्ता नको. ज्या कंपनीत जायचंय तिथे ओरॅकल असेल आणि ते मागत असतील तर तेव्हा कर. मुलाखतीत "ही क्वेरी स्लो का होती आणि मी ती कशी शोधली" हे पाच मिनिटं नीट सांगता येणारी मुलगी मला यादीभर सर्टिफिकेटांपेक्षा भारी वाटते.

या आठवड्यात एवढं कर: रीड-ओन्ली युजर मागून घे, आणि सिनियरला विचार की आपला बॅकअप शेवटचा कधी रिस्टोअर करून बघितला होता. कोणालाच आठवत नसेल तर वेगळ्या सर्व्हरवर, सिनियरला सोबत घेऊन, ते काम तू कर. डेटा खऱ्या लोकांचा आहे, तेव्हा काम झालं की ती कॉपी आठवणीने डिलीट कर. काय झालं ते मला लिही.