गाडी-इंजिन प्रश्नोत्तरे: ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची डिझेल जीप आहे. चार सिलिंडर, टर्बो नाही, २,६०,००० किलोमीटर चाललेली. पसरणी घाट चढून पाचगणीत पोचलो आणि गाडी स्लोवर (रेस न देता इंजिन चालू) उभी केली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. थोडी रेस दिली की विझतो. सकाळी थंड इंजिनावर असं कधीच होत नाही. ऑइल पट्टीवर बरोबर दिसतं. एक मिस्त्री म्हणतो २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाका, दुसरा म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, वाई

उत्तर : सध्या दोघांचंही नको. आधी दाब मोजून घ्या. मोजल्याशिवाय इंजिन उघडायला आमचा ठाम विरोध आहे.

दिव्यामागे एक साधा स्विच असतो. त्यातल्या पडद्यावर ऑइलचा दाब नसला की वायर इंजिनाच्या ब्लॉकला अर्थ होते (विजेचा जोड धातूशी पुरा होतो) आणि दिवा लागतो. बहुतेक जुन्या इंजिनांत हा स्विच ०.३ ते ०.६ बारच्या (बार हे दाबाचं माप) दरम्यान उघडझाप करतो. लुकलुकणं म्हणजे दाब त्या उंबरठ्यावर घुटमळतोय, किंवा स्विच वा वायर खोटं बोलतेय. एक बार दाब असो की चार, दिवा विझलेलाच राहतो. त्यामुळे इंजिनाची खरी अवस्था दिव्यावरून ठरवता येत नाही.

सुरुवात वायरपासून करा. चावी ऑन, इंजिन बंद. स्विचवरची वायर काढा, दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर वाटेत कुठेतरी घासून बॉडीला लागते आहे. तुमचा दिवा रेस दिली की विझतो, म्हणजे वायरचा संशय कमी. पण दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका.

मग स्विच काढून त्याच जागी ० ते ७ बारचं यांत्रिक प्रेशर गेज लावा. स्विचचा आटा काही इंजिनांत १/८ इंची निमुळता असतो, काहींत १० मिमी बारीक. म्हणून काढलेला स्विच दुकानात नेऊन त्याच्याशी जुळणारा अॅडाप्टर घ्या. आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा ऑइलच्या वाटेत जाऊ शकतो आणि नंतर स्विचचा विजेचा अर्थही कच्चा राहतो. निमुळता आटा जोर लावून आवळला तर ओतीव भागाला तडा जातो, तिथे हात हलका ठेवा.

तीन आकडे लिहून ठेवा : थंड इंजिन स्लोवर, वीस मिनिटं गाडी पळवून तापल्यावर स्लोवर, आणि तापलेलंच इंजिन २००० आरपीएमवर. डिझेलला स्पार्क नसल्याने आरपीएमसाठी क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवून फोटो टॅकोमीटर वापरावा लागतो. तो हाताशी असतानाच स्लोही तपासा. अशा इंजिनांचा स्लो साधारण ७०० ते ७५० असायला हवा. तो कोणी ५५० वर आणून ठेवला असेल तर ऑइल पंपही तितकाच हळू फिरतो आणि निरोगी इंजिनातही दिवा लुकलुकतो. अशा वेळी स्लोचा स्क्रू फिरवला की काम झालं.

आता आकड्यांचा अर्थ. पुस्तिकेतला आकडा मिळाला तर तोच खरा. नसेल तर ढोबळ हिशोब असा : तापल्यावर स्लोला १ बारच्या आसपास आणि २००० ला ३ बारच्या आसपास दाब असेल तर इंजिन ठीक, स्विच बदला. नवा स्विच तुमच्याच इंजिनाचा घ्या. दुसऱ्या गाडीचा आट्याला बसतो, पण तो वेगळ्या दाबाला उघडतो आणि तक्रार तशीच राहते.

थंड इंजिनावर दाब भरपूर आणि तापल्यावर दोन्ही ठिकाणी ढासळतोय, तर बेअरिंगची झीज किंवा पातळ झालेलं ऑइल. थंड इंजिनावरही कमीच असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) कचऱ्याने अर्धवट उघडा अडकला असावा किंवा पंप झिजला असावा. गेजचा काटा थरथरतोय, रेसवर दाब वाढण्याऐवजी पडतोय, तर पंपाला ऑइल पुरत नाही : पंपाच्या तोंडावरची जाळी तुंबली आहे किंवा ऑइल ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या पॅकिंगमधून हवा ओढली जातेय.

दाब खरंच कमी निघाला तर आधी ऑइल आणि फिल्टर बदला, १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिनाचंच, आणि पुन्हा मोजा. फरक पडला नाही तर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा. बऱ्याच जीपमध्ये त्यासाठी इंजिन काढावं लागत नाही. जाळी पाहा. चेंबरचं पॅकिंग बसवताना सिलिकॉन सढळ हाताने लावलं की आतल्या बाजूला पिळून निघालेल्या त्याच्या दोऱ्या सुटतात आणि थेट जाळीवर जाऊन बसतात. काळ्या गाळात त्या गांडुळासारख्या अडकलेल्या दिसतात. रिलीफ व्हॉल्व्हचा पिस्टन बोटाने दाबून पाहा. तो मऊ सरकला पाहिजे, त्यावर ओरखडे नकोत. स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब ‘वाढवू’ नका. स्लोला तो व्हॉल्व्ह मिटलेलाच असतो, त्यामुळे तिथे काहीच फरक पडत नाही.

मग एक बिगेंड कॅप (कनेक्टिंग रॉड क्रँकवर धरणारं झाकण) उघडा. आतल्या शेलचा (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्याचा) करडा थर जाऊन खालचं तांबं दिसत असेल तर उत्तर मिळालं. थर शाबूत दिसला तरी प्लास्टिगेजने (दाबून चपटा होणारा मापाचा मऊ धागा) शेल आणि क्रँकमधली फट मोजा. बेअरिंगमधून गळणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं : ०.०५ मिमीची फट ०.१० झाली की तेवढ्याच दाबाला आठपट ऑइल निसटतं. पंप बिचारा नवा बसवला तरी पुरा पडत नाही, म्हणून शेल न पाहता नुसता पंप बदलणं हा पैसा वाया घालवण्याचा प्रकार आहे. क्रँकचं जर्नल (शेलमध्ये फिरणारा भाग) गुळगुळीत आणि गोल असेल तर शेल खालूनच बदलता येतात. शेलच्या पाठीवर साइझ असतो, स्टँडर्ड किंवा ०.२५ मिमी, तोच आणा. कॅप ज्या रॉडची त्यालाच आणि त्याच बाजूने, बोल्ट टॉर्क पान्याने. जर्नलवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर मात्र क्रँक ग्राइंडिंगला द्यायलाच हवा, म्हणजे दुसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं तेव्हा खरं.

जोडून झाल्यावर नवा फिल्टर ऑइलने भरून बसवा, स्टॉपर (डिझेल तोडून इंजिन बंद करणारी ओढणी) ओढून ठेवा आणि दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. त्यानंतरच इंजिन चालू करा.

२०डब्ल्यू-५० ने दिवा बहुधा विझेल. फट तेवढीच राहील, आणि पाचगणीच्या थंडीत पहाटे ते जाड ऑइल इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेईल.

हे सगळं होईपर्यंत गाडी जपून चालवा. चालत्या गाडीत दिवा सलग पेटला तर त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, पुढच्या गावापर्यंत नेऊ नका.

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा दिवाही लुकलुकतो, पण ऑइल कमी न होता उलट वाढतंय. पट्टीवर वरच्या खुणेच्या बोटभर वर गेलंय.
– एक वाचक, निफाड

उत्तर : ट्रॅक्टर चालू करू नका. ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. पट्टीवरचा एक थेंब वर्तमानपत्रावर टाका आणि तासाभराने पाहा. मधल्या काळ्या ठिपक्याभोवती रुंद, तेलकट, पारदर्शक कडं पसरलं असेल तर डिझेल, वासानेही कळेल. ऑइल दुधट असेल तर पाणी, मग हेड गॅस्केट आणि लायनरच्या (सिलिंडरच्या नळ्यांच्या) पाणी अडवणाऱ्या रिंगा पाहा.

डिझेलच्या वाटा ठरलेल्या आहेत : टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा फाटलेला पडदा, नोझलना डिझेल देणाऱ्या रोटरी पंपाच्या पुढच्या शाफ्टचं सील, किंवा टॅपेट कव्हरखाली असल्यास नोझलचं उरलेलं डिझेल परत नेणारा, पण गळणारा लीक-ऑफ पाइप. थेंब थेंब सोडणारं नोझलही हे करतं, पण त्यासोबत पांढरा-काळा धूर आणि ठोका असतो. पडद्याचा फीड पंप ब्लॉकवरून सोडवा, डिझेलचे पाइप लागलेलेच ठेवा आणि हाताने लिव्हर मारा. मागून डिझेल ठिबकलं तर दोषी सापडला.

ऑइल काढा, फिल्टरसकट बदला, पण दोष दूर केल्यावरच. वाढलेलं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत गेलं तर इंजिन स्टॉपर ओढूनही थांबत नाही, स्वतःचंच ऑइल जाळत सुसाट सुटतं. तसं झालं तर इनटेकच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा बंद करा. हाताचा पंजा लावू नका.

प्रश्न : चावी ऑन केली तरी ऑइलचा दिवा लागतच नाही. चांगलंच ना?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. इंजिन चालू करण्याआधी तो लागलाच पाहिजे. स्विचची वायर काढून ब्लॉकच्या स्वच्छ धातूला टेकवा. दिवा लागला तर स्विच गेला, नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर. कोकणातल्या दमट हवेत स्विचच्या टोकावर हिरवा गंज चढतो, तो पॉलिश पेपरने घासून आधी पाहा.