जर्मनीतली जुनी कॅम्पर व्हॅन इंदूरला आणता येईल का?

भाचा तिकडे वापरतो ती 8 वर्षं जुनी कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी आणायचीय, असं तुम्ही लिहिलंय. कायमची आणायची असेल तर नाही. वापरलेली गाडी बनून 3 वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. तिकडच्या गाड्यांचं डावीकडे असतं, तिथेच विषय संपला.

गाडी वयात बसली तरी जहाजावर चढण्याआधी तपासणीचा दाखला लागतो. शिवाय पुढची 5 वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तिची सर्व्हिसिंग देशात होईल, ही हमी आयातदाराने द्यायची असते. ही अट कुणी नीट वाचत नाही. सुटे भाग मिळत नसतील तर ही हमी देऊच नका, कळकळीने सांगतो.

भाच्याला गाडीने नुसतं फिरायला यायचं असेल तर कार्नेवर, म्हणजे गाडी ड्यूटी न भरता तात्पुरती आणण्याच्या कागदपत्रावर, येता येतं, पण मुदतीत गाडी परत न्यायलाच हवी, नाहीतर ड्यूटी बसते.

माझं मत विचाराल तर इथल्याच चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) कॅम्पर बांधून घ्या. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशाच गाड्यांसाठी, एआयएस-124 हे भारतीय वाहन मानक आहे. फक्त साध्या व्हॅनमध्ये परस्पर पलंग-गॅस बसवू नका. गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. आधी आरटीओत विचारा.