चिलीचं 2010: तुझा लेख वाचल्यावर

अगं,

चिलीच्या 2010 वरचा तुझा लेख वाचला. मेहनत दिसतेय, तारखाही बरोबर आहेत, पण डिसेंबरात पेपरवाले 'सरत्या वर्षाचा आढावा' छापतात ना, तसं झालंय सगळं. भूकंप, नवे राष्ट्राध्यक्ष पिन्येरा, फुटबॉल वर्ल्ड कप, स्वातंत्र्याची द्विशताब्दी, खाण, संपलं. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक घटनेपाशी थांब आणि विचार, माणसं कशामुळे मेली आणि ते थांबवणं कोणाच्या हातात होतं?

27 फेब्रुवारीचा 8.8 चा भूकंप कोणी थांबवू शकत नव्हतं, मान्य. पण त्सुनामीचा इशारा नौदल आणि आपत्ती यंत्रणेच्या गोंधळात नीट पोचलाच नाही, धोका नाही असं ऐकून किनाऱ्यावरचे काही लोक घरी परत आले आणि लाटेत गेले. हे तुझ्या लेखात कुठेच नाही!

खाणीत अडकलेल्या 33 कामगारांचं तू छान लिहिलंयस. दर 48 तासांनी दोन चमचे ट्यूना मासा, 17 दिवसांनी ड्रिलला बांधून वर आलेली चिठ्ठी, 13 ऑक्टोबरला सगळ्यात शेवटी वर आलेला शिफ्टप्रमुख लुईस उर्सुआ, वाचताना मलाही भरून आलं. पण 5 ऑगस्टला दरड कोसळल्यावर ते 33 जण हवेच्या उभ्या बोगद्यातून वर चढायला गेले तेव्हा तिथे पूर्ण शिडीच नव्हती, ती असायला हवी होती. ती शिडी लेखात आण, कारण सुटकेचा सोहळा जगाने पाहिला, शिडीबद्दल फार कोणी बोललं नाही.

आणि आता मुख्य. 8 डिसेंबरला, सुटकेला दोन महिनेही झाले नव्हते, राजधानी सँतियागोच्या सान मिगेल तुरुंगात आग लागली आणि 81 कैदी गेले. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली होती तिथे. त्यातला एक पोरगा तर पायरेटेड सीडी विकल्याबद्दल आत होता गं. तू हे सगळं एका ओळीत उरकलंयस, ते मला खरंच लागलं. 33 जणांसाठी अख्खा देश जागा राहिला हे खरंच मोठं आहे, पण त्याच देशात, त्याच वर्षी ही माणसंही होती.

वर्ल्ड कप काढून टाक, जागा होईल. तुरुंगाचा भाग आधी लिहून घे आणि तेवढाच मला पाठव.