एकाकीपणा सोड, आधी धोटा काढ

प्रश्न : मी इचलकरंजीची, बीएफए पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वार्षिक प्रदर्शनासाठी ‘एकाकीपणा’ हा विषय घेतलाय, पण रचना पिंटरेस्टवरून उचलल्यासारख्या वाटतात, असं सर म्हणतात. घरी चार यंत्रमाग आहेत, बाकी सांगण्यासारखं काही नाही. स्वतःची कल्पना आणायची कुठून?

उत्तर : पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू ‘बाकी काही नाही’ म्हणून उडवून लावलीस!

‘एकाकीपणा’ म्हटलं की सगळ्यांना तीच खिडकी आणि तीच पाठमोरी बाई सुचते, कारण त्या शब्दाची तयार चित्रं आपण आधीच शेकड्यांनी पाहिलेली असतात. आपले मोठे चित्रकार मात्र रोज समोर दिसणारंच रंगवत आले. भूपेन खख्खर बडोद्यात हिशेबाची नोकरी करत. १९७०च्या दशकात त्यांनी न्हावी, शिंपी, घड्याळं दुरुस्त करणारा अशी माणसं रंगवली. रेडिओलॉजिस्ट असलेल्या सुधीर पटवर्धनांनी ठाण्याची वस्ती आणि लोकलमधली माणसं रंगवली.

आता तीन आठवडे घरच्या मागांच्या शेडमध्ये बस. ए-५ आकाराची वही, बॉलपेन, रोज दोन रेखाटनं, प्रत्येकी १५ मिनिटं. पहिल्या आठवड्यात फक्त वस्तू : धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा), त्यातली सुताची कांडी, बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ), तेलाचा डबा. दुसऱ्यात माणसांचे हात आणि उभं राहण्याच्या तऱ्हा. तिसऱ्यात रिकाम्या जागा : दोन मागांमधली बोळ, वीज गेल्यावरची शेड. पानाखाली एक ओळ लिही, चित्रात न येणाऱ्या गोष्टीची : वास, खडखडाट, कानावर पडलेलं वाक्य. आठव्या-दहाव्या दिवशी कंटाळा येईल आणि वही सोडावीशी वाटेल. तोवर तू आठवणीतलाच माग काढत असतेस, समोरचा माग त्यानंतर दिसायला लागतो.

फोटोवरून काढू नकोस. मोबाईलने जवळून टिपलं की पुढचा बीम फुगतो, मागची शेड आक्रसते आणि तेच प्रमाण कॅनव्हासवर उतरतं. एखादा तपशील तपासण्यापुरता फोटो ठीक.

मग ४२ रेखाटनं जमिनीवर मांड आणि काय पुन्हापुन्हा आलंय ते बघ. त्यावरून २ × ३ इंचांच्या १२ छोट्या रचना कर, फक्त काळा, करडा, पांढरा. त्यातल्या तीन निवडून प्रत्येकीचं तीनच रंगांत सरावचित्र कर. पिंटरेस्ट उघडायचंच असेल तर यानंतर.

इथे ‘कामगारांची व्यथा’ काढायचा मोह होईल. तो आवर, त्याचं पोस्टर होतं. त्यापेक्षा हवेत उडणाऱ्या कापसामुळे बल्बभोवतीच्या कडा कशा विरघळतात, हा रंगवायचा प्रश्न धर. (आणि शेडच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तुझा एकाकीपणा तिथेच भेटला तर त्याला घे.)

पुढे एमएफएच्या (पदव्युत्तर प्रवेशाच्या) मुलाखतीत ‘हे कुठून आलं?’ असं विचारलं तर ही वहीच समोर ठेव. तयार कॅनव्हास एवढ्यात विकत घेऊ नकोस. घरचं ग्रे (मागावरून उतरलेलं कोरं) कापड खळ निघेपर्यंत धू, चौकटीवर ताण, जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) दोन हात दे आणि त्यावर आधी एक छोटं चित्र करून बघ.