हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच, मग एक कठीण आणि दुसरे मऊ का?

आपला प्रश्न असा आहे की, हिरा आणि ग्रॅफाइट या दोन्हींत कार्बनचेच अणू सहसंयुज बंधांनी (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणाऱ्या जोडणीने) जोडलेले असताना एक कठीण आणि दुसरे मऊ कसे, आणि ‘बंध जितका बळकट तितका पदार्थ कठीण’ हे विधान मग खरे मानावे का. मी इंदूरला अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. हे विधान अपुरे आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बंध किती बळकट आहे याइतकेच तो कोणकोणत्या दिशांना पसरला आहे, हेही पाहावे लागते.

हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) रचनेत बांधलेला असतो आणि लगतच्या दोन अणूंमधले अंतर १५४ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) असते. ग्रॅफाइटमध्ये तो तीनच शेजाऱ्यांशी, एकाच प्रतलात बांधलेला असतो. मात्र तेथे हे अंतर १४२ पिकोमीटरच भरते आणि अणू जवळ असले की बंध सहसा बळकट असतो, म्हणजे एकेका बंधापुरते पाहिले तर ग्रॅफाइटचाच बंध अधिक बळकट आहे. मऊपणा येतो तो थरांच्या रचनेतून, कारण एकमेकांपासून ३३५ पिकोमीटरवर असलेल्या थरांना केवळ क्षीण व्हॅन डर वाल्स आकर्षण (इलेक्ट्रॉन वाटून न घेताही असणारी ओढ) धरून ठेवते. पेन्सिल कागदावर ओढताना मुख्यतः हे थरच सुटतात. थर सहज घसरण्यात हवेतील बाष्पाचाही वाटा असतो आणि म्हणूनच निर्वातात ग्रॅफाइट चांगले वंगण ठरत नाही. हा बारकावा पाठ्यपुस्तकांत यायला हवा असे मला मनापासून वाटते.

म्हणून कोणत्याही गुणधर्माविषयी विचार करताना, त्या क्रियेत नेमके कोणते आकर्षण मोडावे लागते, हे आधी विचारावे. देवघरातील कापूर उघडा ठेवला तर हळूहळू नाहीसा होतो. त्याच्या रेणूतही कार्बनचे दहा अणू सहसंयुज बंधांनीच घट्ट जोडलेले असतात, पण संप्लवनात (घन पदार्थाची थेट वाफ होताना) त्यांतील एकही बंध तुटत नाही. फक्त रेणू एकमेकांपासून दूर होतात.

मीठ आणि धातू यांतला फरकही असाच उलगडतो. सैंधवाच्या स्वच्छ खड्यावर, त्याच्या सपाट बाजूला समांतर पाते ठेवून हलका ठोका दिला, तर खडा सरळ दुभंगतो, कारण आयनांची (विद्युतप्रभार असलेल्या अणूंची) एक ओळ किंचित सरकताच समान प्रभार समोरासमोर येतात आणि एकमेकांना दूर लोटतात. चांदीत मात्र मुक्त इलेक्ट्रॉन सर्व अणूंना सामाईक असल्यामुळे थर सरकले तरी बंध टिकून राहतो, आणि म्हणूनच सराफ्यातील कारागिराला तिची तार ओढता येते.

या रचना तर्काने ठरवलेल्या नाहीत. विल्यम हेन्री आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मीठ आणि हिरा यांची रचना उलगडली. आमच्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही इंडस-२ या सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन अतिवेगाने फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्राच्या) क्ष-किरणांनी स्फटिकांचा अभ्यास चालतो.

आपण विचारलेले, बंधाच्या बळकटीविषयीचे विधान उपयोगी पडते ते रचना सारखी असेल तेथे. मीठ आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांत आयनांची मांडणी एकच आहे, परंतु दुसऱ्यात प्रत्येक आयनावरील प्रभार दुप्पट आणि अंतर कमी, त्यामुळे आकर्षण चौपटीहून अधिक होते. परिणामी मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, तर मॅग्नेशियम ऑक्साइडला सुमारे २८०० अंश लागतात.